आईंची सवत

माझ्या सासूबाईंना एक सवत होती, आणि ती कोण हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. मिनिकॉय तिचं नाव. लक्षद्वीपच्या अगदी खालच्या टोकाला, मालदीवच्या डोक्यावर असलेलं एक मूठभर बेट. माझे सासरे, शशिकांत खांबेटे, पुण्याच्या हवामान खात्यात निरीक्षक होते. साठच्या दशकात त्यांची तिथल्या वेधशाळेत नेमणूक झाली. पहिली टर्म ऑफिसनं दिली. दुसरी त्यांनी मागून घेतली. घरी तरणी बायको, नुकता रांगायला लागलेला मुलगा, आणि हा माणूस साहेबांना म्हणतो, मला अजून तिथंच राहू द्या. असं कोणी करतं का, तुम्हीच सांगा.

आई हे पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायच्या. "यांची धाकटी तिकडे असते," म्हणायच्या. बाबा मान खाली घालून चहात बिस्किट बुडवत बसायचे. नवीन सून म्हणून मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. मग लक्षात आलं, की हसतात त्या फक्त पाहुण्यांसमोर.

दोघं आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रीडिंगला, राहायला आली ती २००३ मध्ये. लोअर अर्लीतलं आमचं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर. अनुप, म्हणजे माझा नवरा, रीडिंगमध्येच एका फायनान्स कंपनीत होता, आणि मी रोज ट्रेननं बेसिंगस्टोकला जायचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायला. मुलगी वरदा सात वर्षांची. सासूसासरे कायमचे येणार म्हटल्यावर मैत्रिणींनी तोंडं वाकडी केली. "संपलं तुझं," म्हणाल्या. काही संपलं नाही. उलट आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या घराला घरपण होतं ते त्या चार-पाच वर्षांतच. संध्याकाळी दार उघडलं की फोडणीचा वास यायचा. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवं असतं?

बाबांचं म्हणाल तर त्यांना इंग्लंड फार पटलं, एक गोष्ट सोडून. जगभरच्या वेधशाळा ग्रीनिच वेळेवर चालतात, त्यामुळे जन्मभर त्यांच्या टेबलावर एक घड्याळ ग्रीनिचचं असायचं. इथं आल्यावर ते खूश झाले, की आता दोन घड्याळांची भानगड नको. आणि मार्चअखेर अनुपनं घरातली घड्याळं एक तास पुढे केली. बाबा सात महिने चिडलेले होते. "स्वतःच्याच गावची वेळ या लोकांना पाळता येत नाही," म्हणायचे. त्यांनी आपलं घड्याळ हलवलं नाही. उन्हाळाभर ते आमच्या मागे एक तास जगायचे आणि जेवायला बोलावलं की "इतक्यात?" म्हणायचे. आई म्हणायच्या, "गाडी ग्रीनिचहून निघाली की पानं घ्या."

मागच्या गार्डनमध्ये, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, त्यांनी पाऊस मोजायचं भांडं बसवलं. शेजारच्या गोऱ्या आजीबाई कुंपणावरून "लव्हली डे" म्हणाल्या, की बाबा वर बघायचे, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, आणि त्यातले सहा ढगांनी भरलेत असं त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचे. त्या बिचाऱ्या हसून आत जायच्या. मी एकदा म्हटलं, "बाबा, त्या आपलं बोलायचं म्हणून बोलतात." तर म्हणाले, "मग हवेबद्दल कशाला बोलायचं? दुसरे विषय आहेत की."

असा माणूस. अंदाज सांगा म्हटलं तर रागावायचा. "अंदाज सांगणारे वेगळे, मी निरीक्षक. जे दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही ते लिहायचं नाही." मंडळाच्या गणपतीला लोक थट्टा करायचे, "खांबेटेकाका, आज छत्री आणायची का?" आणि काका मूग गिळून बसायचे.

घरात ब्रॉडबँड आलं तेव्हाची गोष्ट. माझ्या ऑफिसमधला एक मुलगा दर शुक्रवारी गाडीच्या टपावर सर्फबोर्ड बांधून कॉर्नवॉलला पळायचा. लाटा कुठे चांगल्या आहेत ते बघायला तो इंटरनेटवर एक पान उघडायचा. जगभरच्या किनाऱ्यांचा वारा किती, कुठून, लाटेची उंची किती, सगळं त्यात. मी सहज घरी येऊन बाबांना ते दाखवलं. त्यांनी कॉर्नवॉलकडे बघितलंसुद्धा नाही. यादीत खाली जात जात मालदीवपाशी थांबले. उत्तरेकडची बेटं, मधली, दक्षिणेकडची, अशी सगळी माळ ओळीनं दिलेली. मिनिकॉय त्यात नव्हतं, पण त्याच्या खालचं पहिलं बेट होतं.

त्या दिवसापासून आंघोळ, देवपूजा आणि मग मालदीवची हवा असा क्रम झाला. आई ओट्याशी भाजी चिरत असायच्या आणि हे डायनिंग टेबलावरून मोठ्यानं वाचायचे. "उत्तरेला वारा पश्चिमेचा, जोर आहे. मधल्या बेटांना लाट पाच-सहा फूट. दक्षिणेला आज पाऊस."

"आणि गॅसवर दूध," आई म्हणायच्या. "ते बघा आधी."

त्या पानावर तारे असायचे. चांगल्या दिवसाला जास्त तारे, वाईट दिवसाला कमी. बाबांना आधी त्याचा पत्ताच लागेना. मे-जूनमध्ये, जेव्हा तिकडे समुद्र खवळतो, तेव्हा चार-चार, पाच-पाच तारे. आणि जानेवारीत, जेव्हा पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत असतं, तेव्हा एक किंवा तोही नाही. "उलटं छापलंय," म्हणाले. मी सांगितलं, बाबा, हे सर्फिंगवाल्यांचं आहे, त्यांना मोठ्या लाटाच हव्या असतात. त्यांनी पडद्यावरचे तारे परत एकदा मोजले. मग म्हणाले, "यांना पाच तारे म्हणजे आमच्याकडे बोट बंद. चार महिने बोट नाही, टपाल नाही, बटाटासुद्धा नाही." आणि एकदम त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी बघतच राहिले. बटाटा नाही यात उजळण्यासारखं काय होतं ते देव जाणे. ओट्याशी चिरण्याचा आवाज थांबला होता. आईंनीही तो चेहरा बघितला होता.

२००५ च्या शेवटी आईंना काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे काय, होताच. इथं चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तेव्हा कळलं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याला मधलं तेवढं दिसत होतं, कडेचं सगळं गेलेलं. दाराच्या फटीतून बघावं तसं. बाई इतके दिवस त्या फटीतून पोळ्या लाटत होती आणि कुणाला बोलली नाही. वरदा आजीला ड्रॉप्स घालायला शिकली. "आजी, तुझा डोळा लाल झाली," असं तिचं मराठी, आणि आजीला तेवढ्यावरही कौतुक. पुढच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दाब आटोक्यात राहत नाहीये, ऑपरेशन करू, पण भरवसा देता येत नाही. त्यांना काही बघायचं असेल तर लवकर दाखवा.

गाडीत मी आईंना तेच सांगितलं. लपवून काय करायचं? मला वाटलं, पुणं म्हणतील, अष्टविनायक म्हणतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला एकदा मिनिकॉय बघायचंय, आसावरी. डोळे आहेत तोवर. असं काय होतं तिथं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

मी गाडी बाजूला घेतली. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षं या बाईनं हा प्रश्न पदराला बांधून ठेवला होता, आणि आम्ही आपले सवत सवत म्हणून हसत होतो.

खुद्द मिनिकॉय जमणार नव्हतं. परवाना लागतो, कोचीहून बोटीचा प्रवास, आणि आईंचे गुडघे. अनुपनं डोकं लढवलं. मालदीव तोच समुद्र, तीच बेटं, गॅटविकहून थेट विमान, बेटावर उतरलं की चार पावलांवर पाणी. जुलैमध्ये वरदाला सुट्टी, शिवाय तिकडे ऑफ सीझन, त्यामुळे ऑफरही होती. त्यानं सगळं ठरवून जेवताना सांगितलं. आईंचा चेहरा खुलला.

आणि बाबा म्हणाले, "जुलैत नाही."

"का?"

"जुलै म्हणजे भर पावसाळा. आकाश भरलेलं, पाणी गढूळ, लाटा. तिला काय दिसणार? जानेवारीत जाऊ. ईशान्येचा वारा सुरू झाला की समुद्र बघावा. तळाची वाळू दिसते. एकदाच दाखवायचंय तर नीट दाखवू."

अनुप म्हणाला, "बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"सहा महिन्यांत काय होतंय?" बाबा म्हणाले. "हवेला हवेच्या वेळेला भेटावं लागतं."

आता सांगा, या माणसाला काय म्हणायचं? त्या वर्षी जुलैत इंग्लंड भट्टीसारखं तापलं होतं, रीडिंगमध्ये पंखे मिळेनासे झाले होते, आणि आमच्या घरात त्याहून जास्त तापलं होतं. अनुप बोलला, मीही तोंड सोडलं. मी म्हटलं, "बाबा, आईंना पिक्चर पोस्टकार्ड नकोय, त्यांना तुमचं बेट हवंय." ते ऐकेनात. हट्टीपणा नव्हता तो, एवढं मी आज म्हणेन. त्यांना तिला सगळ्यात सुंदर दिवस दाखवायचा होता. बायकोला द्यायला त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

शेवटी आईच मध्ये पडल्या. "राहू दे अनुप. ते म्हणतायत तर जानेवारी. समुद्रातलं तुला-मला काय कळतं? जन्म गेलाय त्यांचा त्यात." आमच्या आईंचं हे असंच. जन्मभर नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली, आणि त्यानं शब्द टाकला की तोच शेवटचा. जानेवारीची तिकिटं काढली.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवड्यात, आई चकल्या पाडत होत्या. एकदम सोऱ्या खाली ठेवून म्हणाल्या, "आसावरी, दिवा गेला का गं?" दिवा चालू होता. दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख उजेड होता. आम्ही तशाच पिठाच्या हातांनी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. डोळ्यातला दाब एकदम चढला होता. ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, नजर आली नाही. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. समोर कुणी आडवं गेलं तर सावली हलल्यासारखी वाटायची.

अनुपनं बापाशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून. भाजी हवी असेल तर मला म्हणायचा, "त्यांच्याकडची भाजी दे." बाबांनी सकाळचं ते पान उघडणं बंद केलं. पावसाच्या भांड्यात पानं साचली. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ते आईंच्या अर्धवट राहिलेल्या चकल्यांचा डबा हातात घेऊन नुसते उभे होते. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला घेते. त्या हिवाळ्यात आमची भांडी फार चकचकीत होती.

जानेवारी आला. अनुप म्हणाला, तिकिटं रद्द कर. वरातीमागून घोडं काय न्यायचं? पण आई म्हणाल्या, "काढलीत ना? मग मी जाणार." अनुप येणार नाही म्हणाला आणि वरदाला घेऊन घरी राहिला. मी रजा टाकली आणि दोघांना घेऊन निघाले. गॅटविकला व्हीलचेअरमध्ये आई, बाजूला त्यांची पर्स छातीशी धरून बाबा. सिक्युरिटीच्या मुलीनं विचारलं, हॉलिडे का? बाबा म्हणाले, "इन्स्पेक्शन." मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते, काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

बेटावर पोचलो. बाबा म्हणाले होते त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मी उभ्या जन्मात असा समुद्र पाहिला नव्हता. वारा जेमतेम, पाणी निवांत, तळाची वाळू आणि त्यावरची माशांची सावलीसुद्धा दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईंना किनाऱ्यावर खुर्चीत बसवलं. पायाखाली वाळू. बाबा शेजारी, मी थोडी मागे.

आईंनी मान इकडून तिकडे फिरवली. "समुद्र कुठाय?"

"हा काय समोर."

"समोर? ऐकू येत नाही काही."

बाबा म्हणाले, "शांत आहे आज." मग घसा खाकरून, खात्याला कळवायचे तसं सांगू लागले. वारा ईशान्येचा, मंद. आकाशाच्या आठ भागांत दोन भाग ढग, उंचावरचे. समुद्र शांत. क्षितिजापर्यंत स्वच्छ.

"रंग?" आईंनी विचारलं.

बाबा अडखळले. "रंगाचा रकाना नसतो गं."

"नसू दे. मला सांगा."

त्यांनी समुद्राकडे बघितलं, बराच वेळ. "तुझी ती इरकली होती बघ. अनुपच्या मुंजीत नेसली होतीस. तसा. कडेला काठासारखं गडद."

"ती हिरवी होती," आई म्हणाल्या. मग हळूच, "तुमच्या लक्षात आहे होय."

मी मागे बसून डोळे पुसत होते. पण आईंचं लक्ष रंगात नव्हतं. त्या मान तिरकी करून काहीतरी शोधत होत्या. "तुम्ही सुट्टीवर आलात की सांगायचात, तिथं आवाजानं झोप लागत नाही. तो आवाज कुठाय?"

"तो पावसाळ्यात. जूनपासून. आता खडकावर लाट फुटत नाही फारशी."

"म्हणजे जुलैत."

"हो."

आईंनी टोमणा मारला नाही, हे मी शपथेवर सांगते. बाबाच उठले, पायजमा न दुमडता सरळ पाण्यात गेले, घोट्याएवढ्या पाण्यात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. परत येऊन बसले तेव्हा म्हणाले, "चुकलं माझं, सुहास. जुलैतच आणायला हवं होतं तुला."

माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बाबांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आईंनीही बहुतेक पहिल्यांदाच.

आई हातानं वाळू चाळत बसल्या आणि मग सांगू लागल्या. आम्हा दोघांनाही माहीत नसलेली गोष्ट. मिनिकॉयची बोट मेमध्ये बंद व्हायची ती सप्टेंबरात सुरू व्हायची. तोवर पत्र नाही, काही नाही. पण बेटावरची हवा रोज वायरलेसनं निघून फिरत फिरत पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्याच्या कचेरीत, पोचायची. आणि सिमला ऑफिस आमच्या शिवाजीनगरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. "तुमचं रोजचं वारं-पाऊस सरकारला कळायचं आणि मला नाही. मग मी अनुपला कडेवर घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहायची. तुमच्या खात्यातले कमलाकरभावजी आत तारा घ्यायला बसायचे. ते खिडकीतून मान हलवायचे, मिनिकॉय आलं म्हणून. हवा आली म्हणजे ती पाठवणारा माणूस आहे. एवढं कळलं की घरी येऊन स्वयंपाकाला लागायची."

बाबा त्यांच्याकडे बघत होते. "रोज?"

"पावसाळ्यात रोज. एका जुलैत ओळीनं दोन दिवस आलं नाही. भावजींनी खिडकीच उघडली नाही."

"वायरलेसचा खांब पडला होता," बाबा म्हणाले. "वाऱ्यानं."

"ते तुम्हाला माहीत हो. मला काय माहीत?"

बाबांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलणार होते. तुम्ही सुट्टीवर आलात, आणि महिन्याभरात दुसरी टर्म मागून घेतलीत. मग काय बोलायचं?" आईंनी हातातली वाळू झटकली. "असं काय होतं हो तिथं? मला रागावायचं नाहीये. मला फक्त कळू दे."

सगळं आयुष्य जे दिसलं ते कळवण्यात गेलेला माणूस, पण हे त्यांना सांगता येईना. "नाही सांगता येत," ते म्हणाले. "खरंच नाही येत. पण जुलैत येऊ आपण. दिसायचं राहिलं, ऐकायला येऊ."

घरी परतल्यावर पहिल्याच जेवणाला बाबांनी अनुपकडे बघून सांगितलं, "मला जुलैची तिकिटं हवीत. समुद्र खवळलेला असेल तेव्हाची." अनुप माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला त्या रात्रीच बेटावरून फोनवर सगळं सांगितलं होतं, फाटकाचंसुद्धा. कडेवर तोच तर होता. तो उठला, लॅपटॉप घेऊन बापाशेजारी बसला. "कुठल्या आठवड्यात पाच तारे असतात?"

"हे लोक आठवड्यापलीकडचं सांगत नाहीत."

"मग तुम्ही सांगा."

"अंदाज माझं काम नाही."

"बाबा, सांगा हो एकदा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "तिसरा आठवडा धर," म्हणाले. मग दोघं कुठलं बेट उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे ते शोधायला लागले. सगळं जग बीचवरची शांत खोली मागतं, आणि हे बापलेक हॉटेलला ईमेल करत होते की आम्हाला सर्वात आवाज येणारी खोली द्या. मी पोळ्या गार होतायत म्हणून ओरडले, पण आवाजात काही जोर नव्हता. तीन महिन्यांनी त्या टेबलावर कोणीतरी कोणाशी बोलत होतं.

जुलैत अनुपच त्यांना घेऊन गेला. २००७ चा जुलै. रीडिंगमध्ये ज्यांनी तो काढला त्यांना आठवत असेल. एका शुक्रवारी असा पाऊस कोसळला की रस्ते पाण्याखाली गेले, ट्रेन्स बंद पडल्या. मी बेसिंगस्टोकला अडकले होते. वरदाला शाळेतून शेजारच्या आजीबाईंनी घरी नेलं होतं, म्हणून जिवाला घोर नव्हता. ऑफिस रिकामं होत होतं आणि मी दारातल्या छपराखाली उभी राहून टॅक्सीची वाट बघत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला.

"ऐक," अनुप म्हणाला. "आईकडे देतोय."

आणि मग आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं लाइन खराब आहे. मग त्यात खालून एक दणका आला, आणि तो ओसरायच्या आत दुसरा, आणि मध्ये काहीतरी लांबवर फाटत चाललंय असा आवाज, आणि परत दणका. थांबतच नव्हता. माझ्या आजूबाजूला इंग्लंडचा पाऊस पडत होता, तो ऐकू येईना. पायात कंप आल्यासारखं वाटलं मला, खरं सांगते, आणि मी हजारो मैल लांब होते. माझा टॅक्सीवाला आला, हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. मी हात केला नाही.

बऱ्याच वेळानं आईंनी फोन कानाला लावला. श्वास लागल्यासारखा आवाज होता त्यांचा.

"आसावरी, आहेस का?"

"आहे आई."

"मला नेलं असतं ना तेव्हा, तर मीसुद्धा राहिले असते गं. अनुपला घेऊन राहिले असते."

मागे बाबा काहीतरी सांगत होते. वारा नैऋत्येचा, एवढं मला कळलं, पुढचं वाहून गेलं.

"थांबा हो जरा," आई त्यांना म्हणाल्या. "ऐकू द्या मला."